दिवस बुडाल्यावरही चाललेला बार

साहेब, काठोळीच्या एका पोरीचं, भूमिकाचं नाव तुमच्या माणसांनी भोंग्याला बांधलं आणि तालुकाभर फरफटवलं. तुम्ही गाडीच्या काचा वर करून बसला होता. काच वर असली की ऐकू येत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण त्याच भोंग्यावर तुमच्या नावाचा जयजयकार सुरू झाला की काच खाली यायची आणि हात बाहेर यायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी कामिनी, तुमच्या पक्षाकडून उभ्या राहिलेल्या गायिका चारुलताची चुलतबहीण. तिचे कपडे मी शिवते, शूटिंगचे आणि सभेचेही. तुमच्या बंगल्यावर मी दोनदा आले होते. दोन्ही वेळा तुम्ही मला तिची कामवाली समजलात. समजा. त्यावर माझं भांडण नाही.

झालं ते पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्या भोवती बसणाऱ्यांना बार म्हटलं की दारूचं दुकान आठवतं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बार खेळतात. सासरी गेलेल्या पोरी माहेरी आलेल्या असतात. दुपारपर्यंत निंबाला झोके, गौराईची गाणी, आमरसाने जड झालेली पोटं. ऊन कललं की आम्ही डोंगरखेड्याच्या बायका नदीच्या या काठाला उभ्या राहतो, काठोळीच्या त्या काठाला. मधे अंजनीचं कोरडं पात्र. मग शिव्या. साध्या नाहीत, गाण्यात बांधलेल्या. एकीने घालायची, समोरचीने त्याहून भारी परत करायची. सासू, नवरा, लेक, कोणी सुटत नाही. एक नियम मात्र पक्का: खरं बोलायचं नाही. जिचा नवरा खरंच पितो तिला कोणी दारूवरून बोलत नाही. जिला मूल नाही तिला पाळण्यावरून बोलत नाही. शिवी जितकी खोटी तितकं हसू मोठं. दिवस बुडाला की दोन्हीकडच्या बायका पात्रात उतरतात, एकमेकींना कुंकू लावतात, पदरातल्या सांजोऱ्या बदलतात. बोललेलं वाळूत राहतं. त्यातला शब्द घरी नेणाऱ्या बाईला पुढच्या आखाजीला कोणी काठावर उभं करत नाही.

चारू या काठावर गायला शिकली, आणि तिला शिकवलं समोरच्या काठाने. तिकडे इंदिराबाई उभ्या राहायच्या, काठोळीच्या. अंगाने थोराड, आवाज असा की आमच्या गावातली कुत्री उठून बसायची. चारू परकर नेसायची तेव्हापासून त्यांना उत्तरं देते. एकदा जमलं नाही म्हणून रडायला लागली, तर इंदिराबाईंनी पात्राच्या मधोमध येऊन तिच्या तोंडात सांजोरी कोंबली आणि म्हणाल्या, "रडू नको व. पुढला साल भारी दे."

पुढे तिने खरंच भारी दिलं. अहिराणी गाण्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ तेव्हा नुकते चालायला लागले होते. रावेरकडच्या केळीच्या बागेत ती नाचायची. केळीचा चीक साडीला लागला की डाग जन्मात निघत नाही, म्हणून मी साड्या उसवून उलट्या बाजूने पुन्हा शिवायचे. लग्नाच्या वरातीत, एसटीत, चाळीसगावच्या स्टेशनावरच्या चहावाल्याकडे, तिचाच आवाज. मग मुंबईच्या एका मालिकेत काम मिळालं. काम कसलं, मोलकरणीचं. दिग्दर्शक म्हणायचा, "अजून गावठी बोला." ती म्हणायची, "मी गावचीच आहे, अजून किती गावची होऊ?" दीड वर्ष भांडी घासून ती परत आली. धुळ्यात ऑर्केस्ट्रात गायला लागली. आनंदात होती, साहेब.

परत आल्यावरच्या आखाजीला इंदिराबाईंनी काठावर पाय ठेवल्या ठेवल्या सुनावलं,

"डोंगरखेडानी चारी, तोंड रंगाडे भारी,
सिनेमामा गई, तठे भांडा घसस सारी!"

आमच्याच काठावरच्या बायका लोळून हसल्या. चारूने पदर खोचला, कानाला हात लावला आणि फेडलं,

"इंदाबाईनी आंडेर गई केयाना वावरमा,
गाव बठ्ठं सोधस, सापडनी ट्रकमा!"

इंदिराबाईची लेक केळीच्या वावरात गेली, सगळं गाव शोधतंय, सापडली ट्रकमध्ये. ही आंडेर, म्हणजे लेक, म्हणजे भूमिका. ती आईशेजारीच उभी होती, एरंडोलला औषधाच्या दुकानात काम करणारी, फार्मसी शिकलेली, चष्मा लावणारी पोर. केळीचं वावर तर त्यांना नाहीच, कपाशी आहे. म्हणून तर ती ओळ बारमध्ये चालली. भूमिका स्वतः टाळ्या पिटत ओरडली, "ट्रकना नंबर सांग व मावशी!" दिवस बुडाल्यावर तिनेच चारूला कुंकू लावलं. नुकतंच लग्न ठरत होतं तिचं, धुळ्याच्या भाईदास नानांच्या स्वप्नीलशी, म्हणून चारूने तिच्या ओटीत दोन सांजोऱ्या जास्त घातल्या.

काठावर तुमच्या प्रचाराची कामं बघणारा योगराज मोबाइल धरून उभा होता. गावाला वाटलं, पोरगा हौशी आहे.

त्यानंतर तुम्ही चारूला बंगल्यावर बोलावलं. म्हणालात, "चारूताई, तुमच्या गळ्यात माणसं आहेत. आमच्याकडे झेंडे आहेत. एकत्र येऊ."

ती म्हणाली, "साहेब, मला भाषण येत नाही."

"मग गाणं म्हणा. भाषण ऐकतंय कोण?"

सगळे हसले. जिल्हा परिषदेची आमच्या गटाची जागा महिलांसाठी राखीव झाली होती. समोरच्या पक्षाने इंदिराबाईंचं नाव ठरवलं होतं. दोनदा सरपंच झालेल्या, रस्त्याच्या खडीत पाय ठेवून माप तपासणाऱ्या. त्यांच्यासमोर उभं राहायला तुमच्याकडे कोणी नव्हतं, म्हणून चारू आठवली. तुम्ही म्हणालात, निवडून आल्यावर जळगावात लोककलाकारांसाठी हक्काची जागा करू, म्हाताऱ्या गाणाऱ्या बायकांना मानधन सुरू करू. तिला ते खरं वाटलं. मलाही वाटलं.

पण ती हो म्हणाली ते त्यासाठी नाही. गाडीत बसल्यावर तिने माझ्या मांडीवर थाप मारली. "कामे, समोर इंदा अक्का शे! आते महिनाभर बार व्हई!"

इथं चुकलं, साहेब. या चुकीला तुमच्याकडे नाव नसेल. आमच्या दोन गावांतल्या बाईशिवाय ती दुसऱ्या कोणी केलीही नसती. तिला वाटलं, निवडणूक म्हणजे मोठा बार. हा एक काठ, तो एक काठ, मधे मतदार. ही बोलेल, अक्का परत बोलेल, निकालाच्या दिवशी दिवस बुडेल आणि दोघी पात्रात उतरतील. मालिकेत राहून आलेली, चार शहरं पाहिलेली बाई, आणि एवढं भाबडं? होय, एवढं भाबडं. तिला मी त्याची सूट देत नाही. पण तुम्हाला तर माहीत होतं ना, निवडणुकीत दिवस बुडत नाही म्हणून?

प्रचार सुरू झाला. पहिल्या आठवड्यात तिने पाण्यावर गाणी म्हटली, रस्त्यावर म्हटली. तुमचा योगराज म्हणाला, "ताई, लोक हलत नाहीत. चटणी पाहिजे." मग एका सकाळी एरंडोलच्या बाजारात तुमच्या रिक्षेवरून तिचाच आखाजीचा आवाज आला. इंदिराबाईंचं भांड्यांचं कडवं कापलेलं. बायकांचं हसणं कापलेलं. भूमिकाची टाळी कापलेली. उरल्या त्या फक्त दोन ओळी, खाली डीजेचा ठोका, आणि मधेच कोणा माणसाचा आवाज: "जिला घरची लेक सांभाळता येत नाही, ती तालुका काय सांभाळणार?"

चारू दचकली. म्हणाली, "हे मधलं कोणाचं रे?"

योगराज म्हणाला, "तुमचंच गाणं आहे ताई. तुम्हीच म्हटलंय. आता लाजता कशाला?"

चारू म्हणाली, "असू दे. अक्का फेडतील." त्या संध्याकाळच्या सभेत गर्दीने तीच ओळ मागितली. तिने म्हटली. ओळ संपल्यावर ती कानाला हात लावून थांबली. सवयच ती. बारमध्ये असं थांबायचं असतं, समोरून यायचं असतं. गर्दीने शिट्ट्या मारल्या. समोरून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही थांबली. इंदिराबाईंची प्रचाराची गाडी त्या दिवसापासून आमच्या गटात दिसलीच नाही.

त्या का दिसल्या नाहीत ते निकालानंतर कळलं. धुळ्याला भाईदास नानांच्या घरी तो व्हिडिओ आठ-दहा नातेवाइकांनी पाठवला होता. खाली कोणी लिहिलं होतं, "हीच का तुमची सून?" नानांनी साखरपुड्याची साडी परत मागवली. एरंडोलला औषधाच्या दुकानात पोरं गोळी मागायच्या निमित्ताने यायची आणि विचारायची, "ट्रक आला का?" मालकाने भूमिकाला आतल्या खोलीत बसवलं. तिच्या भल्यासाठीच, म्हणे.

आणि चारू जिंकली. गुलाल, फटाके, तुमचा हात तिच्या डोक्यावर. तुमची मिरवणूक पुढं गेली आणि ती मला घेऊन मागच्या मागे काठोळीला गेली. केसांत गुलाल तसाच. कुंकवाची डबी बरोबर. ओसरीवर इंदिराबाई कपाशीच्या पऱ्हाट्या मोडत बसल्या होत्या. त्यांनी डबी पाहिली आणि हात थांबवले.

"कसाले उनी?"

"अक्का, कुंकू लावाले."

"बार दिन बुडना का सरस व माय. तुना महिनाभर चालना."

"मी तं वाट दखत व्हतू. माले वाटनं, तू परत बोलशी."

"काय बोलू? तू काठवर म्हनं ते गानं व्हतं. भोंगावर गयं नी ती बातमी व्हयनी. बातमीले गानानी जबाब देतस का?"

मग त्यांनी सोयरीक मोडल्याचं सांगितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पऱ्हाट्या मोडायला पुन्हा सुरुवात केली. चारू खाली बसली आणि त्यांच्याबरोबर मोडायला लागली, तर त्यांनी तिच्या हातातली काडी काढून घेतली.

आम्ही धुळ्याला गेलो. भाईदास नानांचं देवपुरात विहिरीच्या मोटारी भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान आहे, वर घर. त्यांच्या बायकोने, सुंदरबाईंनी, चारूला ओळखलं आणि चहा ठेवला. नाना खुर्चीत ताठ बसले होते. चारूने सगळं सांगितलं. बार, नियम, कापलेलं गाणं, घुसवलेला आवाज. हात जोडले. रडली.

नाना म्हणाले, "ताई, तुमचं गाणं आमच्या दुकानात रोज वाजतं. तुमची मालिका पाहून ही सुंदरबाई पदराने डोळे पुसायची. त्या मालकिणीने तुम्हाला मारलं तेव्हा ही दोन दिवस जेवली नाही. मी सांगायचो, अगं, ते खोटं आहे. आता तुम्ही माझ्या घरात बसून रडताय. आज खरं असेल. पण मी ओळखू कसं?"

"नाना, मी माझ्या गळ्याची शपथ घेते."

"सभेतही शपथ घेतली होती तुम्ही. ती कोणती होती?"

सुंदरबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना हो, बाई दारात आलीय."

"दारात आली म्हणूनच बोलतोय. माझ्या दोन लेकी लग्नाच्या आहेत. उद्या त्यांच्या सासरचे विचारतील, तुमची वहिनी तीच का ट्रकवाली? मी काय त्यांना आखाजी समजावत बसू?"

स्वप्नील जिन्याजवळ उभा होता. इतका वेळ खाली बघणारा पोरगा एकदम म्हणाला, "पण रिक्षा तर साहेबांची होती ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग साहेबांना सांगायला काय जातं?"

नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "बरोबर आहे. ज्याने वाजवलं त्याने सांगावं. साहेब चार लोकांत म्हणोत, आमच्या माणसांनी गाणं कापून वाजवलं, पोरीचा काही संबंध नाही. मी स्वतः काठोळीला येईन आणि माफी मागेन."

तिथून आम्ही थेट तुमच्याकडे आलो. आठवतं का? तुम्ही पेरू खात होता. चारू म्हणाली, एवढं एक वाक्य बोला. तुम्ही पेरूची बी दातातून काढत म्हणालात, "ताई, हे वाक्य बोललो की इंदिराबाई कोर्टात जाणार. खोटा प्रचार केला म्हणून निवडणूक रद्द. तुमची खुर्ची जाईल."

"जाऊ दे."

"खुर्ची तुमची नाही, पक्षाची आहे."

ती रडायला लागली तेव्हा तुम्ही हसून योगराजला म्हणालात, "ताई रडतात छान. विधानसभेला कामाला येईल."

तुमच्या त्या बोलण्यामुळे मी हे लिहायला बसले, साहेब.

मग तिने स्वतःच केलं. काठोळीच्या बाजाराच्या दिवशी हातगाडीवर उभी राहिली. माइक भाड्याचा. म्हणाली, ती ओळ मी बारमध्ये म्हटली, भूमिका शेजारी उभी राहून हसत होती, मधला आवाज माझा नाही, सभेत मी ती परत म्हटली हा माझा गुन्हा. भाजीवाल्या थांबल्या होत्या. दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, लागलं मार्गी. संध्याकाळी तुमच्या पोरांनी तोच व्हिडिओ कापून टाकला. ती डोळे पुसते तेवढाच तुकडा, मागे मालिकेचं रडकं संगीत, वर अक्षरं: "ताईंचा नवा एपिसोड." खाली लोकांनी लिहिलं, "काय अभिनय आहे!" "या बाईला पुरस्कार द्या." सभापतिपदासाठी तिचं नाव होतं ते तुम्ही काढलं. तिने राजीनामा लिहून दिला, तो तुम्ही पुढे पाठवला नाही. म्हणजे ती जागेवर आहे आणि तोंड बंद आहे. सोयीचं आहे.

गाण्याचं म्हणाल तर धुळ्याच्या ऑर्केस्ट्रावाल्याने तिला कळवलं की लग्नघरं कुरकुर करतात, राजकारणातली बाई नको. मोबाइलवाल्यांनी एक गाणं मागितलं, पण "ट्रकवालं काहीतरी द्या" म्हणाले. तिने फोन ठेवला. हार्मोनियमवर माझे शिवायचे कपडे पडलेले असतात, ती उचलून बाजूला ठेवत नाही. परवा म्हणाली, "कामे, मी अक्काना हाते हारतू तं बरं व्हतं." खरं होतं ते.

यंदा आखाजीला आम्ही काठावर गेलो. वाळू तापलेली. समोर काठोळीची एक बाई आली नाही. आमच्या बायकांनी थोडा वेळ पाहिलं, मग एकेक करून परतल्या. कोणी चारूला नाव ठेवलं नाही, कोणी तिच्याजवळ थांबलंही नाही. माहेरी आलेल्या लहान पोरींनी विचारलं, यंदा बार नाही का? त्यांना काय सांगायचं?

तेवढ्यात पात्रातून एक जण चालत आली. भूमिका. चष्मा, खांद्याला पिशवी, एरंडोलहून परत निघालेली. चारू उभी राहिली. "भूमी, मी पुन्हा धुळ्याला जाते. नानांचे पाय धरते."

"नको मावशी." ती शांत होती. "स्वप्नीलचा फोन आला होता. म्हणाला, वडिलांना समजावतो, थांब. मी म्हटलं, नको थांबूस. भोंग्याने ज्याची सोयरीक मोडते त्याच्या घरात मी काय नांदू? लग्नासाठी कोणाचे पाय धरू नका. मला दुकानात पुढच्या काउंटरवर बसायचंय. लोकांनी औषध मागायला यावं, मला बघायला नाही. एवढं करता येईल का तुम्हाला?"

ज्या बाईला कुठल्याही शिवीला जागच्या जागी जबाब सुचायचा, ती वाळूकडे बघत राहिली. भूमिका पात्र ओलांडून घरी गेली.

चारूच्या शब्दाला आता किंमत नाही. ती तुम्ही एकट्याने घालवली नाही, तिनेही घालवली, हे तीही नाकारत नाही. पण तिने बाजारात उभं राहून कबूल केलं. तुम्ही कुठं उभे राहिलात? ते मधलं वाक्य, "जिला घरची लेक सांभाळता येत नाही", ते कोणी बोललं, कोणी लिहून दिलं? योगराजने आपल्या मनाने घातलं म्हणत असाल, तर त्याला अजून पगार का चालू आहे? कोर्टाची भीती आहे, मान्य. जागा जाईल, तीही मान्य. एका जागेपुढे एरंडोलच्या त्या दुकानातला पुढचा काउंटर तुम्हाला किती लहान वाटतो, ते तरी तोंडाने सांगा.

काठोळीचा बाजार बुधवारी भरतो. तुमच्या गाडीला तिथला रस्ता माहीत आहे. इंदिराबाई असतील, भूमिका असेल, भाईदास नानांना मी धुळ्याहून बोलावीन. काच खाली करून, खाली उतरून, 'आमच्या माणसांनी गाणं कापून वाजवलं, पोरीचा काही संबंध नाही' हे एक वाक्य तुम्ही बोलणार आहात का नाही?

हो की नाही, साहेब?